दार कोणी लावलं?

फाटकबाई पहिल्यांदा आमच्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा हॉलमधले निम्मे लोक पेंगत होते आणि उरलेले हसत होते. नव्वदीच्या सुरुवातीची सांगली, उन्हाळ्याचे दिवस, वर कुरकुरणारे पंखे. वरून हुकूम आला होता की बायकांना मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना कसं हाताळायचं याचं प्रशिक्षण सगळ्यांनी घ्यायचं. मी नुकताच बढतीनं फौजदार होऊन जिल्ह्यात आलो होतो. हवालदार, जमादार, सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर आणि दोन-चार वकील अशी आमची मोट बांधून तिथं बसवलेली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दोन ठेवून द्यायच्या त्याला. त्यात शिकायचं काय?"

बाईंनी ते ऐकलं. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. आवाज मात्र असा, की पेंगणारे जागे झाले.

"कोण म्हणालं? पुढं या. तुमच्यापासूनच सुरुवात करू."

शिंदे हवालदार उठले. उंचेपुरे, तालमीत घडलेलं अंग, झुपकेदार मिशा. ठाण्यात सगळ्यांचे लाडके. गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी त्यांचं काम ठरलेलं. ते हसत हसत पुढं आले.

"नाटकात काम केलंय कधी?" बाईंनी विचारलं.

"लय केल्यात कामं, बाई."

"मग आता नवरा व्हा. कामावरून घरी आलाय. जेवण गार झालंय. तुम्हाला राग आवरत नाही. ही खुर्ची म्हणजे तुमची बायको. करा सुरू."

शिंदे हॉलच्या टोकाला गेले आणि वळले तेव्हा दुसरेच कुणीतरी होते. त्यांनी टोपी काढली, बूट काढले, नसलेल्या ताटाकडे पाहिलं. जबडा आवळला. मग मागं वळून हवेतच दाराच्या दोन्ही फळ्या ओढल्या, वरची कडी सरकवली आणि खुर्चीकडे चालत आले. कुणीतरी शिट्टी मारली. शिंद्यांनी हात उगारला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "फार छान. आता मला एक सांगा, दार कोणी लावलं?"

शिंद्यांना कळलं नाही. आम्हालाही नाही.

"मी दार लावायला सांगितलं नव्हतं. का लावलं?"

पुढच्या रांगेतला एक जमादार म्हणाला, "आवाज भाईर जाऊ न्हाई म्हणून."

"म्हणजे बाहेर लोक आहेत याची त्याला शुद्ध आहे. कडी वरची लावायची की खालची, हेही कळतंय. मग राग आवरत नव्हता तो कसा काय?"

बाई शिंद्यांकडे वळल्या. "साहेब चारचौघांत शिव्या देतात, तेव्हा राग येतो?"

"येतो की."

"आवरतो?"

"लय अवघड जातं."

"मग साहेबांवर हात टाकलात कधी?"

आमचे अधीक्षक पहिल्या रांगेत बसले होते. आधी कुणाला हसायचं धाडस होईना. मग साहेबच हसले आणि सगळा हॉल फुटला. बाईही हसल्या, पण लगेच पुढं बोलू लागल्या. "राग खरा असेल. पण तो कुणावर काढायचा, कुठं काढायचा, कुणाच्या माघारी काढायचा, हे तो माणूस ठरवतो. ज्याला ठरवता येतं त्याला थांबताही येतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी इथं आलेय. त्याला थांबता येत नसतं, तर मी घरी बसले असते आणि तुम्हीही बसला असतात."

मी आजवर पुष्कळ प्रशिक्षणं झोपून काढली आहेत. त्या दिवशी मात्र खुर्चीच्या टोकावर बसून होतो. वर्षानुवर्षं एकच तक्रार ऐकायची, एकच उत्तर द्यायचं, आणि अचानक कुणीतरी तिची दुसरी बाजू पुढ्यात उघडून ठेवावी, तसं झालं. जेवणाच्या सुट्टीत सगळे तेच बोलत होते. शिंदे तेवढे पंगतीत दिसले नाहीत.

बाई मूळच्या वाईच्या. सांगलीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि संध्याकाळी बायकांच्या एका मदत केंद्रात बसायच्या. तिथं त्याच त्या बायका पुन्हा पुन्हा येत. एक मात्र यायची थांबली, आणि का थांबली ते बाईंना वर्तमानपत्रातून कळलं. तिचं नाव त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणायच्या, "आम्ही सगळे तिच्याशी बोलत होतो. त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं." नोकरी सोडली आणि त्यांनी हे काम धरलं. घरी फाटक सर होते, शाळेत गणित शिकवणारे, कमी बोलणारे. स्वयंपाक तेच करायचे. बाई लुनावर डबा अडकवून जिल्हाभर फिरायच्या. त्यांची लुना आवारात शिरली की आमच्यातला कुणीतरी म्हणायचा, "फाटक पडलं, आता गाडी येणार." हा विनोद त्यांच्या कानावर गेला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

त्यांच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. भांडण. 'नवरा-बायकोचं भांडण' असं जो म्हणेल त्यानं उठून सगळ्यांसाठी चहा आणायचा. "भांडणात दोघं असतात," त्या म्हणायच्या. "इथं एकजण मारतोय आणि एकजण मार खातेय. त्याला भांडण म्हटलं की मारणारा निम्मा सुटला." पहिल्या दिवशी आम्ही इतका चहा प्यायलो की विचारू नका. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या तोंडून तो शब्द गेला आणि जिल्ह्याचे अधीक्षक खरोखर किटली घेऊन आले. पुढं एकदा बाईंच्याच तोंडून गेला. वाक्य अर्धं सोडून त्या उठल्या आणि कॅन्टीनच्या दिशेनं चालू लागल्या. कुणी काही म्हणायच्या आत.

दुसरी त्यांची खोड व्याकरणाची. आम्ही पंचनामे आणि जबाब वर्षानुवर्षं एका ठराविक भाषेत लिहीत आलो होतो. 'तिला मार बसला.' 'हात उठला.' 'वाद होऊन दुखापत झाली.' बाई ती वाक्यं फळ्यावर लिहायच्या आणि खडू आपटून विचारायच्या, "कर्ता कुठाय?"

कुणी म्हणायचं, "बाई, लिहायची पद्धतच हाय तशी."

"हात आपोआप उठतो? पतंग आहे का तो? कोणी उचलला ते लिहा. आपण जे लिहितो तेच तो ऐकतो. आपणच कर्ता खाल्ला तर तो कशाला सांगेल?"

यानंतर आमच्या ठाण्यात लिहायची तऱ्हा बदलली. हवालदार एकमेकांचे जबाब वाचून 'कर्ता कुठाय गड्या?' म्हणू लागले. गंमतीगंमतीत सुरू झालेलं ते अंगवळणी पडलं.

डॉक्टरांना त्या वेगळ्या पद्धतीनं पकडायच्या. आष्ट्याकडच्या एका दवाखान्यात माळी नावाचे तरुण डॉक्टर होते. ते म्हणाले, "बाई येते, हात मोडलेला असतो, पायरीवरून पडले म्हणते. नवरा शेजारीच उभा असतो. तो हलत नाही. मी विचारू कधी?"

"वजनाचा काटा कुठं ठेवलाय?"

"माझ्या टेबलाशेजारी."

"तो आतल्या खोलीत न्या. बायकांचं वजन आत, नर्ससमोर. नवऱ्यानं बाहेर थांबायचं. याला कुणी हरकत घेत नाही. आणि आत गेल्यावर एकच विचारायचं, घरी जायला भीती वाटते का?"

माळींनी दुसऱ्याच दिवशी काटा आत नेला. त्या काट्यामुळंच मंगल आमच्यापर्यंत आली. आष्ट्याजवळच्या गावातली, घरचा ऊस, नवरा सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार मोहिते. वजनाच्या काट्यावर उभी असताना ती रडली आणि नर्सला सगळं सांगितलं.

पूर्वी असं काही आलं की आम्ही काय करायचो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोघांना समोरासमोर बसवायचं, तिनं सांगितलेलं त्याला वाचून दाखवायचं, चार समजुतीच्या गोष्टी सांगायच्या आणि एकाच गाडीनं घरी पाठवायचं. या वेळी बाईंनी शिकवलेल्या क्रमानं गेलो. आधी मंगल आणि तिची मुलं तिच्या मामाच्या घरी पोचली. तिची तक्रार तिच्या मर्जीनं लिहिली गेली. हे सगळं झाल्यावरच सुभेदारांना बोलावलं. बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या, एक शब्द बोलायचा नाही या अटीवर. अट त्यांची त्यांनीच घातली होती.

सुभेदार आले ते इस्त्रीचे कपडे, तेल लावून बसवलेले केस आणि तोंडभर हसू घेऊन. आमचा एक जमादार त्यांना खुर्ची द्यायला आपली सोडून उठलाही. साहेबांची विचारपूस, पावसापाण्याची चौकशी, सीमेवरच्या दोन आठवणी. खरं सांगतो, माणूस आवडावा असाच होता.

"गैरसमज झालाय साहेब," ते मला म्हणाले. "कधी बोलता बोलता हात लागला असंल."

"कोणाचा हात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलं तिनं?"

"तिनं काय सांगितलं ते इथं निघणार नाही. तुम्ही काय केलंत ते सांगा."

हे बराच वेळ चाललं. ते वळण घेऊन दुसरीकडं जायचे, मी पुन्हा तिथंच आणायचो. आवाज चढवायचा नाही, हात लावायचा नाही. शेवटी त्यांचं हसू गेलं. "घरात कोणाचं चालतं ते बाईमाणसाला कळायला नको व्हय?" ते म्हणाले. "न्हाई कळलं तर कळवावं लागतं."

ते गेल्यावर बाई उठून माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा उजळलेला. "ऐकलंत? रागाचं एक अक्षर नाही. कोणाचं चालतं, म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निघायला तुम्हाला आवाजसुद्धा चढवावा लागला नाही." मला नोकरीत पुढं पदकं वगैरे मिळाली. पण त्या दुपारी टेबलाशी उभं राहून बाई जे बोलल्या, त्यानं मी दोन दिवस हवेत होतो.

सुभेदार बदलले नाहीत. कोर्टात केस उभी राहिली, ते शेवटपर्यंत गैरसमजच म्हणत राहिले. मंगल मात्र पुन्हा त्या घरी गेली नाही, आणि सुखरूप राहिली. माझा थोडा हिरमोड झाला होता. बाईंचा नाही. "सगळे बदलत नाहीत. तो बदलेल या आशेवर तिचा जीव टांगायचा नाही, एवढं आपल्या हातात."

नंतर काही महिन्यांनी त्याच हॉलमध्ये आमची पुन्हा एक दिवसाची बैठक झाली. दुपारी सगळे पांगले. मी फळा पुसत होतो, बाई पिशवी आवरत होत्या. शिंदे हवालदार दाराशी घुटमळत उभे होते. मग आत आले.

"बाई, त्या दिवशी मी दार लावलं ते नाटक न्हवतं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या दचकल्या नाहीत. मला आता वाटतं, पहिल्या दिवसापासून त्या या वाक्याची वाट पाहत असाव्यात. "बसा. आणि कर्त्यासकट सांगा."

शिंदे बसले नाहीत. "मी दार लावतो. मी मारतो. शालनला."

मी फळ्याशी फडकं घेऊन तसाच उभा. आता बाई त्यांची पाठ थोपटतील, धीर देतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "शालन आत्ता कुठं आहे?"

"घरी."

"मुलं?"

"दोगी पोरी. साळंत."

"आजपासून तुम्ही घरी जायचं नाही. बराकीत राहायचं. साहेबांच्या कानावर मी हे आत्ता घालणार, तुमच्यादेखत. आणि शालनकडे मी जाते, महिला शिपाई घेऊन. तिला काय हवंय ते ती सांगेल."

"बाई, मी आपणहून सांगितलं."

"त्याची किंमत आहे, शिंदे. फार मोठी आहे. पण त्यात माफी येत नाही. माफी द्यायला मी कोण?"

शिंद्यांनी मान हलवली आणि बाईंच्या मागून साहेबांच्या खोलीकडे चालू लागले. मी खिडकीतून पाहत होतो. गुन्हा कबूल करणारी माणसं मी पाहिली होती, पट्ट्याच्या भीतीनं कबूल करणारी. मारही नाही, धाकही नाही, अशा वेळी स्वतःला वाक्यात आणून उभा करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

शालनवहिनींनी आधी विश्वास ठेवला नाही. मग दोन्ही मुलींना घेऊन त्या भावाकडे आटपाडीला गेल्या. शिंद्यांची खात्यामार्फत चौकशी झाली, शिक्षा झाली, ठाण्याचं काम काढून घेतलं गेलं. दरम्यान माझी बदली साताऱ्याला झाली, आणि बाईंनीही मारणाऱ्या पुरुषांसाठी दर रविवारची बैठक साताऱ्यालाच सुरू केली, एका शाळेच्या वर्गात. आपले लोक ओळखणार नाहीत अशा गावी माणूस खरं बोलेल, असा त्यांचा हिशेब. कोण स्वतःहून येणार, असं आम्हाला वाटत होतं. पहिल्या रविवारी मी मुद्दाम चक्कर मारली, तर लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन मोठमोठे बाप्ये बसले होते. एक कारखान्यातला, एक शिक्षक, एक टेम्पोवाला. शिंदे सांगलीहून पहाटेच्या गाडीनं आले होते. फळ्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'दारू प्यायलो होतो' हे उत्तर चालणार नाही. गुत्तेवाल्याला मारलं नाहीत.

शिंदे रविवार चुकवत नसत. कधी चिडून उठत, कधी आठवडाभर मनात घोळवलेलं भडाभडा बोलत. पण ते काय बोलतात यावर बाई फारसं अवलंबून राहत नसत. "तो सुधारला का, हे तो कसं सांगेल? ती सांगेल." म्हणून त्या एसटीनं आटपाडीला जायच्या, शालनवहिनींशी बोलायला. शिंद्यांची मुलींशी भेट व्हायची ती मामाच्या अंगणात, चारचौघांत. पुढं वर्ष उलटल्यावर शालनवहिनी सांगलीला परतल्या, पण भावाला बरोबर घेऊन आणि स्वतःच्या अटींवर. बाईंनी त्यांना ना जा म्हटलं, ना जाऊ नको.

परतल्यानंतरही बाईंच्या फेऱ्या चालूच होत्या. एका दुपारी त्या सांगलीहून सरळ आमच्या साताऱ्याच्या ठाण्यात आल्या. घामानं डबडबलेल्या, पिशवी खांद्यावर. पाणीसुद्धा घेतलं नाही. "शालन म्हणाली तुम्हाला सांगितलं तर चालेल, म्हणून आलेय. आधी मी तिला नेहमीचं विचारलं, कसं चाललंय. तर ती म्हणाली, बाई, आधी मी त्यांच्याशी बोलताना त्यांच्या हाताकडं बघायची. आता तोंडाकडं बघून बोलते."

एवढं सांगून त्या खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतच होत्या. ठाण्यातला अख्खा स्टाफ आमच्याकडे बघत होता. मी चहा मागवला, कुणीही तो शब्द उच्चारलेला नसताना.

ही बातमी हळूहळू वर पोचली. पाचगणीला एका निवासी शाळेत तिथल्या थंडीच्या सुट्टीमध्ये मोठं शिबिर भरायचं होतं, बाहेरच्या जिल्ह्यांतले अधिकारी येणार होते. वरिष्ठांपैकी कुणाला तरी सुचलं, शिंद्यांना व्यासपीठावर आणावं, त्यांनी आपली कहाणी सांगावी, शाल-नारळ द्यावा.

"कशाबद्दल?" बाईंनी विचारलं. "बायकोला न मारल्याबद्दल सत्कार?"

"तसं नाही बाई, इतरांना प्रेरणा मिळेल."

"त्यांना टाळ्या मिळतील. टाळ्या मिळायला लागल्या की माणूस टाळ्या मिळतील असंच बोलतो. अजून ते खरं बोलतायत, तेवढं राहू दे. आणि शाल द्यायचीच असेल तर शालनला विचारा, तिला हवी का."

शालनवहिनींना नको होती. शिबिर झालं आणि दणक्यात झालं. त्यात शिंद्यांचं नावही निघालं नाही. बाईंनी तीन दिवस पाचगणीच्या थंडीत सगळ्यांना घाम फोडला. डॉक्टर आणि फौजदार एकमेकांशी तावातावानं वाद घालत जेवायला जात होते आणि जेवण विसरून पुन्हा वर्गात येऊन बसत होते. शिंद्यांना मी नंतर विचारलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, "न्हाई साहेब. त्या दिवशी धाकटीच्या साळंत पालकांची बैठक होती. मी आन् शालन गेलतो."

दशक संपता संपता माझी बदली पार विदर्भात झाली. निघायच्या आदल्या दिवशी कामासाठी सातारा स्टँडवर गेलो होतो. पाटणची गाडी सुटायच्या बेतात होती. मधल्या खिडकीशी फाटकबाई बसलेल्या दिसल्या. केस आता बरेच पांढरे झाले होते. हाक मारावी म्हणून मी पुढं झालो आणि थांबलो. कंडक्टर त्यांच्यासमोर उभा होता, एका हातात तिकिटांची पेटी, दुसरा हात घंटीच्या दोरीवर. बाईंनी त्याला घरचं काहीतरी विचारलं असावं. तो उत्तर द्यायला तोंड उघडत होता आणि पुन्हा मिटत होता.

मागून एक म्हातारबा ओरडले, "आवं मास्तर, बेल द्या की, उशीर व्हतोय."

कंडक्टरनं मागं न बघता दोरी ओढली आणि तो बाईंच्या समोरच्या बाकावर टेकला. गाडी धूर सोडत फाटकातून बाहेर पडली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत खिडकीत बाईंचा हात हलताना दिसत होता. मी हात वर केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या बोलत होत्या.